आईची लेन्स सरकली तेव्हा

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका सकाळी आई म्हणाली, "मले तू दोन-दोन दिसून राहिली." उजव्या डोळ्यात बसवलेली लेन्स सरकली होती. डाव्यानं तिला आधीपासूनच जेमतेम दिसतं. मी घाबरायला हवं होतं. मी गॅसवर दूध ठेवलं.

अमरावतीत राजापेठेतल्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. भातकुलीहून मामा सोबतीला आला. तो आईचा थोरला भाऊ. तो आला की आईचं तोंड बंद होतं. बाबा गेल्यापासून तर तिला भूक लागली हेसुद्धा तोच सांगतो.

अकोल्यात जठारपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकेक विचारत गेल्या. साखर आहे का? पूर्वी फार जाड चष्मा होता का? डोळे चोळायची सवय? डोळ्यातली लेन्स बारीक धाग्यांच्या आधारानं असते, ते कमजोर असले तर नवी बसवलेलीही पुढे सरकते, असं त्यांनी समजावलं. मी मान हलवत होते. आत काहीच पोचत नव्हतं.

"डोळ्याला कधी काही लागलं होतं? अगदी लहानपणी?"

"नाही जी," मामा म्हणाला. "माह्यासमोरच वाढली हे. काई लागलं नाही."

अमरावतीला पहिल्या ऑपरेशनच्या आधीही हेच विचारलं होतं आणि मामानं हेच सांगितलं होतं.

"दादा," आई म्हणाली, "खाली चहा सांगून ये ना. डोकं दुखून राहिलं."

त्याच्या चपला जिना उतरेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "विटी लागली होती, मॅडम. याच डोळ्याले. दादानंच टोला हाणला अन् खेळाच्या नादात पळत सुटला, त्यानं पाह्यलंबी नाही. घरी मी सांगतलं, पायरीवर पडली. नाहीतर आमच्या बापानं त्याले जित्ता ठेवला नसता. पायरीचं तो कवाच भुलला, अन् विटीचं त्याले अजून मालूम नाही."

मला तिचा राग यायला हवा होता, नाहीतर रडू तरी. दोन्ही आलं नाही. मी नुसती तिच्या डोळ्याकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, हे पहिल्याच वेळी सांगायचं ना. आधाराला आत रिंग टाकली असती, सरकायचा धोका कमी झाला असता. आता नजर किती परत येईल, मी सांगू शकत नाही."

"पयल्या वेळी तो जागचा उठलाच नाही," आई म्हणाली.