जुन्या समुद्राची ऊब

पन्नासच्या दशकात, रत्नागिरीच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला असताना, आमच्या गावच्या विहिरीत पार तळाशी कालवांचे जाड शिंपले निघाले. शिंपला ज्या पाण्यात वाढतो त्याची ऊब त्याच्या चुन्यात कायमची राहते आणि परदेशात ती आता मोजता येते, असं आमच्या प्राध्यापकांनीच वर्गात सांगितलं होतं. हे शिंपले हजारो वर्षांपूर्वीचे, समुद्र आमच्या गावापर्यंत होता तेव्हाचे; जग आजच्याहून उबदार असताना, आमचा समुद्र किती कोमट होता हे मला कळायलाच हवं होतं.

पण त्याआधी आजचा शिंपला खरं सांगतो का, हे तपासायला हवं. म्हणून वर्षभर मी रोज सकाळी मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावरून बादली सोडायची, सावलीत थर्मामीटर बुडवायचा, आकडा वहीत लिहायचा. तिथल्याच खडकांवरची जिवंत कालवंही गोळा केली. "खलाशाची पोर समुद्राला ताप आलाय काय बघते," असं म्हणून बायका हसायच्या. हसू देत.

पावसाळ्यात लाटा धक्क्यावरून जात. त्यात अकरा दिवस कोरे राहिले.

प्राध्यापकांनी वही चाळली. "मागचा-पुढचा आकडा बघून मधले भरून टाक. अशी अर्धवट वही मी कॉलेजच्या नावाने परदेशातल्या प्रयोगशाळेला पाठवणार नाही."

मी भरणार नाही म्हटलं. डोकं फिरलं होतं माझं. डोळ्यांसमोरच्या समुद्राबद्दल थापा मारायच्या, आणि कधीकाळच्या समुद्राकडून खरं ऐकायचं म्हणे!

अब्बा तेव्हा बोटीवरून सुट्टीवर आले होते. समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजून नोंदवणं त्यांच्याही कामातलं. ते एवढंच म्हणाले, "नाय घेतला तर नाय घेतला, असाच लिवायचा. पार्सल तुझ्या नावान धाड."

वहीची नक्कल आणि नवे-जुने शिंपले मी माझ्या नावाने धाडले. कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. आजचे शिंपले माझ्या वहीशी जुळले होते, आणि विहिरीतले आजच्यापेक्षा उबदार पाण्यात वाढले होते. मला रडू आवरेना.

प्राध्यापकांनी बोलावून घेतलं. त्यांना पुण्यात यावर व्याख्यान द्यायचं होतं, मूळ वही हवी होती.

"देते," मी म्हटलं. "पण आधी त्या अकरा दिवसांपुढे तुमच्या हाताने 'आकडा घेतला नाही' असं लिहा, सर."

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. अकराही ओळी लिहून होईपर्यंत मी टेबलाशेजारून हलले नाही.