रुसण्याची जागा

खोटे बोलताना माझा आवाज मऊ होतो, हे मला गेल्या मार्गशीर्षात कळले. बीडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी फॉल-पिकोचे एक दुकान होते. पिकल्या बोराच्या रंगाची साडी घेऊन मी तिथे उभी होते आणि दुकान चालवणाऱ्या बाईला सांगत होते, "भाचीचं लग्न अचानक ठरलंय गं. ब्लाऊज रविवारच्या आत लागेल."

तिने डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवला. कापड ती नेहमी असेच पारखत असे, अंधारात ओळखीचा चेहरा चाचपावा तसे. "माप आणलंय का?"

"तुझ्याच अंगाची आहे. तुझंच माप घे."

"घेते. पण उद्या भाची म्हणली दंडात काचतंय, तर मला बोलायचं न्हाई."

"नाही म्हणणार ती," मी म्हणाले आणि स्वतःच्या चातुर्यावर खूश होऊन घरी आले. त्या संध्याकाळी तिच्या मशीनची टकटक माझ्या खिडकीपर्यंत येत राहिली. आपल्याच लग्नाचा ब्लाऊज ती परक्या मुलीचा समजून शिवत होती, बाह्यांना मी न सांगितलेली नाजूक पायपिंग लावत होती. तो आवाज तेव्हा मला फार गोड लागला होता.

ती ऐन तारुण्यात विधवा झाली होती. मूलबाळ नव्हते, आईवडील आधीच गेलेले. उरली होती एक सासू, आष्टीकडच्या एका खेड्यात, जिचा तो एकुलता एक मुलगा होता. सासूला ती आत्या म्हणे. दर बाजारच्या दिवशी एसटीने गावी जाई, आत्याचे पीठमीठ भरून ठेवी, तिच्या केसांना तेल लावी आणि दुसऱ्या दिवशी येऊन दुकानाचे शटर उघडी. तेव्हा तिच्या पिशवीला कधी ओल्या हरभऱ्याचा, कधी सारवलेल्या भुईचा वास येत असे.

एसटीच्या आगारातला एक मिस्त्री या शिलाई मशीनच्या निमित्ताने तिच्या आयुष्यात आला. तोही विधुर, अबोल. नखांच्या कडांत ऑइलची काळी रेघ कायमची बसलेली. एकदा त्याने मशीन दुरुस्त करून दिले आणि त्यानंतर ते वारंवार बिघडू लागले. समोरच्या काकूंच्या नजरेतून गल्लीतले मांजरही सुटत नाही. एके दिवशी त्या म्हणाल्या, "काय गं, तुझ्या मशीनला सारखी काय धाड भरते?"

"जुनं झालंय काकू."

"मशीन जुनं झालंय, मग मिस्त्री चहाच का पीत बसतो?"

ती हसली, आणि मग बराच वेळ तिला सुईत दोरा ओवता येईना. काकू गेल्यावर ती मला म्हणाली, "आमचं ठरलंय ताई. पण आत्ता न्हाई. थोडं थांबायचंय."

कशासाठी, हे मी विचारले नाही. कारण मीच पुरवले. आमच्याकडे विधवेचे दुसरे लग्न अजूनही पुष्कळ ठिकाणी पाट लावून उरकतात; मांडव नाही, वाजंत्री नाही, चार माणसे आणि खाली घातलेल्या माना. तिला याचाच संकोच असणार, असे मी ठरवून टाकले. त्या रीतीवरचा माझा राग इतका देखणा होता की तिच्या उत्तराची मला गरजच वाटली नाही.

मग मिस्त्रीची बदली आष्टीच्या आगारात झाली. पुढच्याच आठवड्यात हजर व्हायचे होते. "गेला की गेला बघा," काकू म्हणाल्या. "नव्या गावाला नवं मशीन भेटायचं त्याला." त्यांच्या या थट्टेवर गल्लीतल्या आम्ही बायका हसलो आणि हसता हसता बेत ठरला. रविवारी नारायणगडाच्या पायथ्याशी, दोघांनाही न सांगता, वाजतगाजत लग्न लावायचे. तिला दर्शन म्हणून आणायचे. त्याला, पाहुण्यांचा टेम्पो बंद पडलाय असे सांगून.

ते थोडे दिवस माझ्या आयुष्यातल्या सुगंधी दिवसांपैकी होते, हेही खोटे कशाला सांगू? काकूंच्या गच्चीवर झेंडूच्या राशी पडल्या होत्या, बोटांना त्यांचा कडवट वास चिकटून राहत होता. खलबत्त्यात हळकुंडे कुटली जात होती. मी मंगलाष्टके रचायला बसले. शार्दूलविक्रीडिताची चाल घरभर घुमवत मी शेवटच्या कडव्यात आत्याला आणले: सासूच माय झाली आणि लेक म्हणून सुनेला निरोप देते आहे. जिला मी कधी पाहिले नव्हते, तिच्या तोंडी मी निरोप घातला. कडवे जमून आले तेव्हा माझेच डोळे भरले.

मग मला रीत आठवली. देवानंतरची पहिली अक्षत वधूच्या घरी जायला हवी, आणि हिचे घर ते आत्याचेच. मी हळदीचे पिवळे तांदूळ रुमालात बांधले, वर नारळ ठेवला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी त्या बाजूला धावणाऱ्या काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरकडे दिला. "सुनेचं लग्न आहे म्हणावं. उद्या आजींना मानानं घेऊन या."

"म्हातारीला ठाऊक हाय ना?" काकूंनी विचारले.

"असणारच," मी म्हणाले.

रविवारी गडाच्या पायथ्याशी वारा गार होता. कडुनिंबाखाली मांडव, कडेने ज्वारीची हिरवी रानं, तव्यावर तडतडणाऱ्या तिळाचा वास. ती काकूंबरोबर साध्या सुती साडीत आली, हातात देवाचा नारळ. मांडव पाहून म्हणाली, "कुणाचं लग्न हाय?"

"तुझं," काकू म्हणाल्या आणि हलगीवाल्यांना खूण केली.

तिला आधी पटेना. मी पिशवीतून साडी-ब्लाऊज काढले तेव्हा ती ब्लाऊजकडे पाहत राहिली. "ही भाची व्हय," ती म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून हसली. त्या हसण्यात मला नुसता आनंद दिसला. काकूंनी तिला देवळामागच्या खोलीत हळद लावायला नेले.

एवढ्यात मिस्त्री आला. अंगात आगाराची खाकी, खांद्याला अवजारांची पिशवी. "गाडी कुठंय?"

बायका हसून लोळायच्या बेतात. त्याला उलगडा झाला तेव्हा त्याचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला, पण पिशवी काही त्याने खाली ठेवली नाही. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, तिनं आत्यांना सांगितलं का?"

"आत्या येतायत. मीच अक्षत पाठवली."

"तसं न्हाई ओ." तो जमिनीकडे पाहत होता. "तिला स्वतः सांगायचं होतं. आष्टीला खोली बघितलीय, तिघांना पुरंल अशी. आत्या यायला हो म्हणल्या की मगच लग्न, असं ठरलं होतं. ती धीर गोळा करत होती."

माझ्या जिभेवर काहीतरी कडू आले. झेंडूचीच चव असावी ती. तेवढ्यात काळी-पिवळी मांडवापाशी येऊन थांबली. हलगीवाल्यांना वाटले वऱ्हाड आले. ते पुढे धावले आणि त्या एकट्या म्हातारीभोवती रिंगण करून वाजवू लागले. विटकी नऊवारी, कोपरात पिशवी, मुठीत माझा रुमाल गाठीसकट. ती त्या आवाजाच्या मध्ये उभी राहिली, कुणीतरी बाजूला नेईल याची वाट पाहत.

हलगी ऐकून नवरी खोलीतून बाहेर आली. गालांवर ओली हळद.

"आत्या, मी बाजारच्या दिवशी येणार होते. सांगणारच होते."

"सांगितलं की. डायव्हरनं सांगितलं."

"आत्या..."

"काल फोनवर तुझं नाव काढलतं मी. पर बटन दाबलं न्हाई. म्हणलं, हिला सांगायचं असतं तर सांगितलं असतं."

"आपण थांबू या," मी मध्येच म्हणाले.

म्हातारीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "कावून थांबायचं? चांगलं काम हाय. लोक ताटकळलेत."

लग्न लागले. शेवटचे कडवे मला गाळता आले असते. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, चाल गळ्यात तयार होती, आणि मी ते म्हटले. सासू माय झाली, असे मी खणखणीत आवाजात म्हणत होते आणि समोर ती माय आपल्या मुठीतल्या तांदळाकडे पाहत होती. अक्षता तिने सगळ्यांबरोबर, नेमक्या वेळी टाकल्या. दोघे पाया पडले तेव्हा दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. पाहुण्यांच्या पंगतीत बसून ती नीट जेवली.

"आत्या, आष्टीला आमच्यासंगं चला," मिस्त्री म्हणाला.

"पाव्हणी म्हणून आले बाबा. पाव्हणीसारखी जाते."

सुनेने मला एका शब्दाने दोष दिला नाही. आष्टीला जाण्याआधी दुकान आवरताना एवढेच म्हणाली, "ब्लाऊज दंडात काचला न्हाई ताई." रिकाम्या दुकानात खडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास मागे राहिला. काकू महिनाभर त्या लग्नाचे कौतुक सांगत होत्या; मी तिथून उठून जायला शिकले.

माघात मी त्या खेड्यात गेले. अर्धे गाव ऊसतोडीला गेलेले, दारांना कुलुपे, बोळांत नुसती उन्हे. आत्या अंगणात तूर पाखडत होती. मला ओळखले, उठली, गुळाचा कोरा चहा आणून दिला. "चुकलं माझं," मी म्हणाले.

"तुमी वाईट न्हाई केलं बाई." तिने सूप पुन्हा हातात घेतले. "ती आली असती. तेल लावता लावता म्हणली असती. मला आधीच वास लागलता, येवढी काय मी येडी न्हाई. मी रुसले असते. चार दीस बोलले नसते, जेवले नसते. माझ्या लेकाला ईसरलीस म्हणले असते. मग तिनं मनवलं असतं, आन मी गेले असते. तेवढं हक्काचं होतं माझं. तुमी हलगी लावली. हलगीत रुसावं कसं?"

मी चहाचा घोट घेतला.

"आता येती ती दर बाजारला. पर डोळे पुसतच येती. चला म्हणती ती बी गुन्हा केल्यावानी. रडणाऱ्या माणसावर रुसता येतंय व्हय? मग मी म्हणते, बरी हाय मी हितंच."

"मी तिच्याशी बोलू का?" हे विचारून झाल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला. तो मऊ होता.

"नगा," ती म्हणाली.

तेवढ्यात बोळातून तिची सून येताना दिसली. त्या दिवशी बाजार होता, हे मला ठाऊक नव्हते. मला पाहून ती थबकली, हसली, पण तिचे लक्ष देवळीतल्या बाटलीकडे गेले होते. "आत्या, गेल्या बारीला आणलेलं तेल तसंच हाय. एक थेंब लावला न्हाई तुमी."

"नसन लावला."

"गुडघे तुमचे दुखतात का माझे? तिकडं त्यांनी तुमच्यासाठी लोखंडी खाट केली, पायऱ्या नको म्हणून खालची खोली घेतली, आन तुमी हितं हट्ट करून बसा."

"मी म्हणले होते का खाट करा?"

"नका येऊ मग. मी बी न्हाई म्हणणार चला म्हणून."

"नको म्हणूस. तुला आता माझी काय गरज."

"असं बोलायचं न्हाई, सांगून ठेवते."

म्हातारीने पदर कपाळावर ओढला, सूप उचलले आणि आम्हा दोघींकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केले. तिच्या सुनेचे डोळे कोरडे होते, रागाने लाल झालेले. माझ्या मनात तिथे शोभेल असे एक चांगले वाक्य तयार होते. बीडची बस यायला पुष्कळ अवकाश होता. मी कप ओट्यावर ठेवला आणि चपला हातात घेऊन आवाज न करता अंगणाबाहेर पडले.