कसं पडलं, ते आधी सांगा

वामनराव गावंडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी घाबरलेली होते. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आहे तेव्हाही घाबरलेलीच आहे. सरांनी मला पुष्कळ काही शिकवलं, पण माझा भित्रेपणा काही त्यांच्याच्यानं दुरुस्त झाला नाही.

मी विमा कार्यालयातली कारकून. हौसेनं खऱ्या इंजिनावर उडणारं एक छोटं, खेळातलं विमान घेतलं आणि पहिल्याच रविवारी ते मैदानात नाकावर आपटलं. कोणीतरी सरांच्या सक्करदऱ्यातल्या घराचा पत्ता दिला. तांत्रिक विद्यालयातून निवृत्त झालेले फिटर विभागाचे हे शिक्षक भारी कडक आहेत, असं बजावूनही ठेवलं. सरांनी मातीनं भरलेलं इंजिन हातात घेतलं आणि विचारलं, "पंखा फिरवून पाहिला काय?"

मी हो म्हणाले. इंजिन अडकलं की काय हे पाहायला आपण सगळेच आधी पंखा फिरवतो.

"म्हणजे आतली माती सिलिंडरले घासली. पुढच्या वेळी फडक्यात गुंडाळून आणा. बसा आता, अन् कसं पडलं ते सांगा."

छोटी विमानं उडवणाऱ्या आपल्या हौशी मंडळात सरांची ही पद्धत कोणाला ठाऊक नाही? पडण्याची हकिगत पुरती ऐकल्याशिवाय ते पेचकस उचलत नाहीत. आधी पंख टेकला की नाक, खाली माती होती की दगड, इंजिन चालू होतं की बंद, हे सगळं ते विचारतात आणि त्यावरून काय उघडायचं ते ठरवतात. नरखेडकडच्या आपल्या गावी लहानपणी संत्र्याच्या बागांमधले पंप दुरुस्त करताना ही सवय लागली, असं ते सांगतात. वाकलेला शाफ्ट, म्हणजे पंखा ज्यावर बसतो तो दांडा, सरळ करून द्यायला त्यांनी आजवर साफ नकार दिला आहे. एका गृहस्थांनी फारच गळ घातली तेव्हा सर म्हणाले, "वरून सरळ दिसन, पण आतून तडकलेला राहते. पंखा सुटून कोणाचा डोळा गेला तर तुम्ही देणार काय?" ते गृहस्थ रागावून निघून गेले. सरांनी त्यांच्यासाठी तरीही नवा शाफ्ट मागवून ठेवला.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

एका प्रदर्शनासाठी सरांनी स्वतःचं आवडतं इंजिन मला वापरायला दिलं होतं. वारा असेल तर उडवू नकोस, एवढंच सांगितलं होतं. मी वाऱ्यात उडवलं. विमान मैदानाकडेच्या दगडावर नाकावर आदळलं आणि शाफ्ट वाकला. सरांना तोंड कसं दाखवू, या एकाच विचारानं माझं डोकं चालेना. मी एका लेथवाल्याकडे गेले. त्यानं हातोडीनं ठोकून शाफ्ट सरळ करून दिला. मग इंजिन फडक्यात नीट गुंडाळून मी सरांकडे नेलं. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कसं पडलं?"

"गवतावर. आधी पंख टेकला," मी सांगितलं.

सरांनी विश्वास ठेवला. माती धुतली, तेल घातलं, शाफ्ट काही तपासला नाही. अंगणातल्या बाकाला इंजिन आवळून त्यांनी ते सुरू केलं. मी मागे सरकले ते पाहून म्हणाले, "काहून वं, मागं सरकून राहिली? घाबरतं का कोणी आवाजाले?" त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. सर इंधन कमीजास्त करायची सुई जुळवायला वाकले आणि शाफ्ट तुटला. सुटलेल्या पंख्यानं त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी चिरली. रक्त वाहत असताना त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी, "तुले लागलं नाही ना?"

रिक्षातून दवाखान्यात जाताना मी रडत होते. ते मलाच समजावत होते. त्यांना वाटलं, मी मायेपोटी रडते आहे.

ते बोट आता पुरतं वळत नाही. नवीन मंडळी आली की सर ते वर धरून दाखवतात आणि म्हणतात, "हा माझा गाफीलपणा. शाफ्ट पाहिला नाही मी." आपण सर्वांनी हे किती वेळा ऐकलं आहे. दर वेळी मी मागच्या खुर्चीवर खाली मान घालून बसलेली असते. तुटलेला तुकडा गवतात मलाच सापडला होता. त्यावर हातोडीची खूण होती. मी तो पर्समध्ये टाकला आणि कोणाला दिसू दिला नाही.

पुढे माझी मौद्याला बदली झाली. त्यांच्याकडे दुरुस्तीला राहिलेलं माझं स्वतःचं इंजिन सर एसटीनं स्वतः घेऊन आले, मांडीवर ठेवून. न वळणाऱ्या बोटानं त्यांनी त्याचे बारीक स्क्रू कसे लावले असतील, हे मला विचारवलं नाही. चहा पिऊन ते पुढच्या गाडीनं परत गेले.

मंडळींनो, गाफील सर नव्हते. त्यांची चूक एवढीच की त्यांनी माझं ऐकलं. हा लेख मी त्यांना आधी दाखवलेला नाही, तेवढं धाडस झालं नाही. गौरव समारंभात ग्रंथ त्यांच्या हाती पडेल, ते चष्मा लावून पानं उलटतील, आणि मी समोरच बसलेली असेन. पण या वेळी मान खाली घालणार नाही.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि हात असेच स्थिर राहोत. आणि त्या आयुष्यातला एक दिवस त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवावा आणि मला मनापासून रागवावं. इतक्या वर्षांत ते मला एकदाही रागावलेले नाहीत.