बिल्ला पडलेल्या गाई

माझा नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि मी गाई सांभाळायचे. दोघंही फुलंब्रीकडचे, गुरं राखणाऱ्यांच्या घरातले. त्याला मशीन आवडलं, मला काही आवडलं नाही. कारखान्यांच्या मागं तेव्हा मोकळं रान होतं. तिथं पत्र्याचा गोठा घालून आम्ही पाच देवणी गाई बांधल्या होत्या. मी धारा काढायचे, तो सायकलला कॅन अडकवून उस्मानपुऱ्यात दूध घालायचा आणि तसाच कामावर जायचा.

कारखाने वाढले तशी रस्त्यावरच्या जनावरांची ओरड सुरू झाली. मग नगरपालिकेचा हुकूम निघाला की हद्दीतल्या प्रत्येक जनावराच्या कानात पितळी बिल्ला पाहिजे. बिल्ला नसेल ते जनावर बेवारस. ते कोंडवाड्यात जाणार आणि तिथून लिलावात. बिल्ले मारायला माणसं गोठ्यावर आली तेव्हा मी आडवी गेले नाही. उलट त्यांना चहा केला. शहरात राहायचं तर शहराचं ऐकावं, असं मला वाटलं.

पण दिवस पावसाळ्याचे. देवणीचे कान लांब, लोंबते. भोक पाडलेल्या जागी माशी बसली. आमच्या बांडी गाईचा कान सुजला, पिकला, त्यात अळ्या पडल्या. मी सीताफळीचा पाला वाटून जखमेत भरायचे, ती डोकं झटकायची आणि पू माझ्या तोंडावर उडायचा. एक दिवस बाभळीला अडकून तिच्या कानाची पाळीच फाटली. बिल्ला रानात कुठं पडला ते सापडलं नाही. बाकीच्यांचेही कान सडायला लागले तेव्हा मीच त्यांचे बिल्ले काढले, पदरात बांधले आणि नगरपालिकेच्या कचेरीत गेले.

टेबलामागच्या साहेबांनी मान वर केली नाही. "कानात नाही म्हणजे बेवारस," ते म्हणाले.

"साहेब, मी हितं समोर उभी हाय. माझी गाय बेवारस कशी?"

"नियम आहे, बाई."

दोन वकिलांनी मला हसून परत पाठवलं. जनावराच्या कानासाठी कुणी कोर्टात जातं का, असं त्यांचं म्हणणं. तिसरे उस्मानपुऱ्यातले आमचे दुधाचे गिऱ्हाईक. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यात ते पुढं असायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, फाटक्या कानाबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं आणि म्हणाले, "ताई, बिल्ला हरवला म्हणून मालकी हरवत नाही. आपण दावा लावू."

ही बातमी गावाकडं पोचली. माझे थोरले दीर एसटीनं आले, ओसरीवर बसले, पण पाण्याला हात लावला नाही.

"त्या लोकांच्या वकिलाकडं गेलात व्हय? गावात काय वातावरण हाय ठावं नाय का तुमास्नी?"

"दुसरं कुणी उभं राहिना, भाऊजी."

"मंग गाई जाऊ द्यायच्या," असं म्हणून ते उठले.

दावा दाखल झाला, तारीख मिळाली. तारखेच्या आधीच कोंडवाड्याची गाडी आली आणि पाची गाई घेऊन गेली. मी गाडीला धरून पळाले. बांडीला ताजं वासरू होतं, ते गोठ्यातच राहिलं. दुसरी, तांबडी कपिली गाभण होती, तिचे दिवस भरले होते.

त्याच आठवड्यात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या. शहरात दगडफेक झाली, संचारबंदी लागली. कोर्ट बंद, रस्ते बंद. नवरा कारखान्यातच अडकला. मी कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन निघाले तर नाक्यावर पोलिसांनी अडवलं.

"कोंडवाड्यात माझ्या गाई हायत. त्यांच्या धारा काढल्या नाहीत कुणी."

"माणसं मरायलीत, बाई. घरी जा."

तो खोटं बोलत नव्हता. मी परत आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा परत आले. घरी बांडीचं वासरू हंबरत होतं. त्याला मी पिठाचं पाणी पाजत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं फक्त सड दिसत होते. धार काढली नाही की गाईची कास दगडासारखी होते. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

संचारबंदी थोडा वेळ उठली तशी मी पळत सुटले. कोंडवाड्याचा पहारेकरी दारातच होता. मला बघून त्यानं नजर खाली घातली.

"अम्मा, पानी मैं पिलाता रहा. चारा किधर से लाता? और वो लाल गाय... मेरे को बच्चा निकालना नई आता."

कपिली भिंतीला लागून आडवी पडली होती. वासराचे पाय बाहेर आले होते, तेवढेच. तिच्या अंगाला हात लावला तर ती कधीची थंड झालेली. बाकीच्या उभ्या होत्या. बांडीच्या कासेला मी हात लावला तर तिनं लाथ मारली. तिनं मला कधीच लाथ मारली नव्हती. पिळल्यावर सडातून दूध आलं नाही, रक्ताच्या गुठळ्या आल्या. तिथंच बसून मी मोठ्यानं रडले. पहारेकरी जवळ उभा राहिला.

कोर्ट उघडलं त्या दिवशी आमचा पुकारा झाला. आपले वकील येतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते आले. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला. आवाज बसला होता, तरी नीट बोलले. कान सडतो, बिल्ला पडतो, मालक मात्र उभाच असतो, असं त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं. गाई लगेच सोडाव्यात आणि बिल्ला पडलेलं जनावर बेवारस धरू नये, असा मनाई हुकूम मिळाला. त्यांनी तो मला समजावून सांगितला.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांच्या कारकुनानं मला हळूच सांगितलं, "साहेबांचं गावाकडचं घर परवा जाळलं. आईला कसंबसं इथं आणलंय."

मी तशीच माघारी गेले. "आज कशाला आलात, साहेब?"

"तारीख होती, ताई."

दोन दिवसांनी मी उस्मानपुऱ्यात त्यांच्या खोलीवर गेले. न्यायला दूध नव्हतं, भाकरी आणि पिठलं नेलं. म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली होती. आल्यापासून ती कुणाशी बोलली नाही, असं सुनेनं सांगितलं. मी तिच्याजवळ टेकले. म्हटलं, "मावशी, माझी गाय गेली. पोटात वासरू होतं."

भिंतीकडंच बघत ती म्हणाली, "आमची म्हस बांधलेली व्हती. सोडाया येळ नाय गावला."

मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला. आम्ही दोघी दिवस कलेपर्यंत तशाच बसून होतो.

पुढं निकाल लागायला काही वर्षं गेली. बिल्ला मारायचा नियम राहिला, पण पडल्यास तो पुन्हा बसवायला मालकाला मुदत द्यावी, जनावर लिलावात काढू नये, असं कोर्टानं ठरवलं. वकीलसाहेब निकाल सांगायला स्वतः आले. तोवर रानात कारखान्याची भिंत उभी राहिली होती आणि आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. बांडीचे दोन सड कायमचे बंद झाले, तिला खुलताबादला बहिणीकडं पाठवलं होतं. उरलेल्या कधीच विकल्या होत्या.

"आपण जिंकलो, ताई," ते म्हणाले, पण आवाजात आनंद नव्हता.

मी त्यांना बसायला सतरंजी टाकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला गेले.