चढावर तापणारी जीप

गारखेड्याच्या आतल्या रस्त्यावर बन्सी साळवेचं पत्र्याचं गॅरेज आहे. डोंगरात, ओढ्यात, नांगरटीत फिरणाऱ्या जीपगाड्या तिथं येतात. एके काळी अवघड काम आलं की बन्सीला जेवणाची आठवण राहत नसे. हल्ली तो ऑइल बदलून देई, ब्रेक बघे, आणि बाकीच्यांना म्हणे, "दुसरीकडं दाखवा."

त्याचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दोन उन्हाळ्यांमागं त्याची बायको मनकर्णा गेली. ती दुपारी डबा घेऊन यायची आणि आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसायची, कारण बन्सी गाडीखाली असायचा आणि त्याला रेस द्यायला माणूस लागायचं. चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पान्याचा एक ठोका म्हणजे रेस दे, दोन म्हणजे सोड. मनकर्णानं रस्त्यावर कधी गाडी चालवली नाही, पण इंजिनाचा सूर तिला कळायचा. "आज लई जड बोलतंय," ती वरूनच म्हणायची.

पिशोरचा ऋतुराज जीप घेऊन आला, तेव्हाही बन्सी नाहीच म्हणणार होता.

"काका, सडकेनं कितीबी पळवा, काय नाय. शेताकडची चढण लागली का टेंपरेचरचा काटा लालवर जातो. दोन गॅरेजं झाली. रेडिएटर नवं टाकलं, तरी तेच."

"पाणी कमी होतंय का?"

"जरा बी नाय."

पाणी कमी होत नाही आणि तरी गाडी तापते! बन्सीच्या डोक्यात काहीतरी फिरू लागलं. "ठेवून जा," तो बोलून गेला. ऋतुराज चावी देऊन एसटीनं परत गेला.

सकाळी इंजिन गार असताना बन्सीनं झाकण उघडलं. पाणी भरलेलं होतं, फक्त गंजानं तांबूस झालं होतं. रेडिएटरच्या जाळीत चिखल होता, तो त्यानं मागच्या बाजूनं पाणी मारून काढला. पंख्याचा पट्टा ताठ होता. मग पाणी तापल्यावर उघडणारा थर्मोस्टॅट काढून त्यानं चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. तो बरोबर उघडला. सगळं पुन्हा जोडून तो एकटाच जवळच्या सातारा डोंगराकडं निघाला. कच्च्या चढावर खालच्या गियरमध्ये इंजिन ओरडू लागलं, आणि थोड्याच वेळात काटा चढला. त्यानं गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं. सगळं ठीकठाक! हळूहळू काटाही खाली आला.

म्हणजे दुखणं रेस दिल्यावरच उठत होतं, आणि रेस द्यायला पाय पायडलवर पाहिजे, बघायला डोळे गाडीखाली.

शेडमध्ये परतल्यावर त्यानं पायडलला लाकूड अडकवून पाहिलं. ते निसटलं, इंजिन किंचाळलं आणि त्यानं धावत जाऊन चावी फिरवली. असल्या भरवशावर गाडीखाली झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यानं मुलीला फोन लावला. प्रेरणा नागपूरला नर्स आहे.

"बाबा, ड्युटीवर हाय. काय झालं?"

"काय नाय. सहजच केला."

शेजारी आशाबाईंचं इस्त्रीचं दुकान. एवढ्या वर्षांत बन्सीनं त्यांच्याकडं काही मागितलं नव्हतं. तो दारात जाऊन उभा राहिला.

"ताई, जरा येता का? गाडीत बसायचंय."

"मला? भाऊ, मला सायकल बी येत नाय!"

"गाडी हलणार नाय. चाकांना दगडं लावतो."

आशाबाई इस्त्री बाजूला ठेवून आल्या आणि सीटच्या टोकावर अंग चोरून बसल्या. रेसचं पायडल दाखवून बन्सीनं इंजिन चालू केलं आणि ते तापल्यावर टॉर्च घेऊन खाली सरकला. "हां, दाबा!" तो ओरडला. त्यांनी दाबलं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत रेडिएटरचा खालचा रबरी पाइप चिमटल्यासारखा आत बसला. पंप पाणी ओढत होता आणि मऊ पडलेला पाइपच चपटा होऊन त्याची वाट अडवत होता. रेस कमी झाली की तो पुन्हा फुगणार. मग दिसणार कुणाला?

सापडलं! बन्सीनं आनंदात चासीवर दोन ठोके मारले.

इंजिन तसंच ओरडत राहिलं. त्यानं पुन्हा दोन ठोके मारले. मग त्याला समजलं. वर बसलेल्या बाईला या ठोक्यांचा अर्थ कुठून कळणार! तो ओरडला, "सोडा, ताई! पाय काढा!"

इंजिन शांत झाल्यावरही तो लगेच बाहेर आला नाही.

"भाऊ, लागलं का काय?" आशाबाईंनी वाकून विचारलं.

"नाय, नाय. आलोच."

गाडी गार झाल्यावर त्यानं पाइप काढला. पाइप आत बसू नये म्हणून पोटात तारेची स्प्रिंग असते. तिचे गंजके तुकडेच उरले होते. त्यानं स्प्रिंगचा नवा पाइप बसवला, आतला गंज धुऊन काढला, कूलंट भरून हवा काढली. ऋतुराज गाडी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी शेतातूनच त्याचा फोन आला.

"काका, काटा हललाच नाय!"

"अरे, त्याचं असं झालं..." बन्सी उत्साहानं सांगू लागला.

"काका, मजूर थांबलेत. मागून बोलतो."

फोन बंद झाला. बन्सी तसाच इस्त्रीच्या दुकानात गेला आणि त्यानं आशाबाईंना सगळं सांगितलं: पंप, पाइप, स्प्रिंग. त्या सदऱ्याची कॉलर दाबत ऐकत होत्या.

"मग ती तार गेली कुठं?"

"गंजली. पाण्यासंगं गेली."

"हं," म्हणून त्यांनी दुसरा सदरा घेतला. बन्सीला अजून बोलायचं होतं, पण गाडीबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो शेडमध्ये जाऊन एकटाच डबा उघडून बसला.