आधी तू घे

"अर्धा तास झाला. याला झेपत नाहीये. आपण नको घ्यायला ही गोळी."

गंगापूर रोडच्या एका बंगल्याच्या गच्चीवर, फरशीवर आडवा पडून मी हे ऐकलं. बोलणारा रोहन. माझा वर्गमित्र, माझा जिगरी यार. घड्याळात बघून बोलत होता. दुपारचे चार वाजले असतील. माझं अंग तव्यासारखं तापलेलं, जबडा असा आवळलेला की शब्द फुटेना. दुसऱ्या पोरानं विचारलं, "मरणार नाही ना रे?"

रोहन हसला. "नाही रे. यांची बॉडी टफ असते. काहीपण पचवतात."

यांची! दोन वर्षं एका ताटात जेवलो होतो आम्ही.

खोटं कशाला बोलू, नशेची पहिली गोळी कुणी माझ्या घशात कोंबली नव्हती. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी चांदवडकडून नाशकात इंजिनिअरिंगला आलेलो. बाप कांदा मार्केटात हमाल. वर्गात इंग्रजीत बोलायची पाळी आली की माझी बोबडी वळायची. गोळी घेतली की तासाभरात सगळं जग सख्ख्या भावासारखं वाटायचं. इंग्रजी फाडायचो, पोरींशी बोलायचो, रोहनच्या गळ्यात पडायचो. त्यासाठीच घ्यायचो. दुसऱ्या दिवशी गाल आतून चावून सोललेला असायचा. पुढचे दोन-तीन दिवस उगाच रडू यायचं. वाचलेलं डोक्यात राहीना, एका सेमिस्टरला चार विषय गेले. तरी शनिवार आला की पाय गंगापूर रोडकडे वळायचे.

आणि दरवेळी रोहन पाकीट उघडून म्हणायचा, "आधी तू घे."

आमच्या गावच्या लग्नात बौद्धवाड्याची पंगत सगळ्यात शेवटी. भाजीच्या पातेल्याचा तळ खरवडून वाढायचे. आणि इथं बंगलेवाल्याचा पोरगा मला पहिला मान देतोय! छाती फुगायची माझी. गाढव होतो. माल दरवेळी नवा असायचा. कुठल्या तरी खोलीत कुणी तरी पावडरी मिसळून छापलेला. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. म्हणून आधी मी. ते माझ्याकडे बघत बसायचे, मला काही झालं नाही की मग स्वतः घ्यायचे. मी त्याला यारी समजत होतो.

त्या दिवशी शेवटी त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेऊन टाकलं. डॉक्टर ओरडत होते, "काय घेतलंय यानं? एखादी गोळी उरली असेल तर द्या, कळू तरी दे!"

पाकीट रोहनच्या शर्टाच्या खिशात होतं. मला दिसत होतं.

"माहीत नाही, सर. हा कुठून तरी आणतो."

मी डोळ्यांनी खिसा दाखवत राहिलो. तो निघून गेला. गोळी गेली, यारीही गेली.

शुद्धीवर आलो तेव्हा लघवी चहाच्या रंगाची होत होती. डॉक्टर म्हणाले, किडनीला मार बसलाय, किती भरून येईल ते आत्ताच सांगता येत नाही. बाप खाटेच्या पायथ्याशी बसून होता. चौथ्या दिवशी रोहन सफरचंदं घेऊन आला. माझ्या कानाशी वाकला. "आज हवालदार जबाब घ्यायला येतोय. रस्त्यावर कुणी तरी दिली असं सांग. आपण यार आहोत ना?"

आणि माझ्या बापानं उठून त्याला हात जोडले. "साहेब, तुमी होते म्हणून माझं पोरगं जगलं."

वीस वर्षांचं पोरगं ते! रोहननं मान डोलावली. म्हणाला, "असू द्या, काका."

मी बापाकडे वळून म्हणालो,

"दादा, हात खाली घ्या. यानंच दिली मला गोळी."

बापानं हात खाली घेतले. हळूच म्हणाला, "नाव नको घिऊ बाबा. लय मोठी मानसं हायेत."

हवालदार आला तेव्हा रोहन केव्हाच सटकला होता. हवालदारानं कागद काढला. "बोल, कोणाचं नाव लिहू?"

"आधी माझं. गोळी मी माझ्या हातानं खाल्ली, तेही लिहा. त्याच्याखाली रोहनचं. बंगल्याच्या पत्त्यासकट."

त्यानं बापाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "कॉलेज जाईल तुझं."

"जाऊ द्या."

त्यानं लिहिलं. कागद पुढं सरकवला, खाली बोट ठेवलं. "कर इथं सही."

"आधी वाचून दाखवा," मी म्हणालो. "आत काय आहे ते कळल्याशिवाय आता मी काही घेणार नाही. कुणाच्याच हातचं."