सहा पानांचे दिवस

रद्दी आणि किस्से न सांगता साचतात. रद्दी निदान उचलायला कोणी येतं. किस्से आपल्यालाच खपवावे लागतात.

तिकडं युक्रेनात युद्ध पेटलं, परदेशी कागद यायचा थांबला आणि इकडं उस्मानपुऱ्यात आमच्या पेपरची बारा पानं सहावर आली. अंक इतका पातळ, की पंखा चालू असला तर वाचायला दोन माणसं लागायची. एक धरायला, एक वाचायला.

*

भजीवाला भांडायला आला. "बातम्या कमी द्या, आपलं काही म्हणणं नाय. पण कागद तेल पीना झालाय!"

*

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात घेऊन कार्यकर्ता आला. खाली शुभेच्छुकांचे फोटोच फोटो. संपादक म्हणाले, "जागा नाही. फोटो कमी करा."

त्यानं लई विचार केला. "मंग भाऊंचाच काढा. त्यांना समदे ओळखतात. पोरं नाराज नको व्हायला."

*

राशिभविष्य आमचे रशीदभाई लिहायचे. जागेअभावी आज सहा राशी, उद्या सहा, असं ठरलं. सकाळीच एका बाईंचा फोन. "माझी वृश्चिक. आज स्थळ बघायला जायचंय, जाऊ का नको?"

"आज बसा घरीच, ताई," रशीदभाई म्हणाले. "तुमचं नशीब उद्याच्या अंकात है."

*

निधनवार्तेतही कात्री लागली. घरच्यांची नावं बंद; 'पश्चात मोठा परिवार आहे' एवढंच. संपादक कुणाचंच ऐकत नसत.

एके दुपारी सोयगावचे भिकाजी आबा आले. त्यांचा जोडीदार नामदेव गेला होता. दोघांनी जन्मभर एकाच दुकानात शिवणकाम केलं, एकाच चुलीवर खाल्लं.

रशीदभाईंनी विचारलं, "पश्चात कोण, आबा?"

"बायकापोरं नाय. कोणच नाय." मग टोपी काढून हळूच म्हणाले, "मी हाय. पण नात्यातला नाय. माझं नाव बसंल का?"

रशीदभाईंनी संपादकांकडं पाहिलं.

"नावं बंद आहेत," संपादक म्हणाले. "मित्रपरिवार लिहा."

"परिवार नाय, साहेब," आबा म्हणाले. "एकलाच हाय."

संपादकांनी पेन उचललं. स्वतःचा अग्रलेख पुढं ओढला आणि खालच्या ओळी खोडायला लागले.

दुसऱ्या दिवशी नामदेवरावांच्या निधनवार्तेत शेवटची ओळ होती : 'त्यांच्या पश्चात भिकाजी आहेत.'